आई, मी ठमी

सोमवार, २ फेब्रुवारी

डायरी लिहायची हौस मला शाळेत होती, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय असं वाटतं. आज ऑफिसात नवं काम हातात आलं.

काम असं: पाळणाघराच्या फाटकावर कॅमेरा बसवायचा. मूल न्यायला आलेलं माणूस त्याच्यासमोर उभं राहिलं की आमच्या यंत्राने चेहरा ओळखायचा, आणि नोंदवलेल्या पालकांपैकी असेल तरच फाटक उघडायचं. पहिलं पाळणाघर नेमकं आमच्या ठमीचं. ठमी माझी लेक, पाच वर्षांची. शाळेतलं नाव वेगळं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघत नाही.

यंत्र म्हणजे खरं तर एक जाळं, थरावर थर रचलेलं. एका टोकाने फोटो आत जातो, दुसऱ्या टोकाने पाचशे बारा आकडे बाहेर पडतात. एकाच माणसाच्या दोन फोटोंचे आकडे जवळ यावेत, वेगळ्या माणसांचे लांब जावेत, म्हणून त्याला लाखो चेहरे दाखवून शिकवायचं. मी ते आकडे तपासते. चेहरे बघत बसायचं मला काही कारणच पडत नाही. आकड्यांवर माझा जीव आहे, ते हेअरकट करत नाहीत.

हे शेवटचं वाक्य कुरळीमुळे. चहाच्या खोलीत आज एक नवी मुलगी दिसली, सरळ केसांची. मी आपली पुढे होऊन ओळख करून दिली, साखर कुठे असते ते दाखवलं, 'कुठल्या विभागात आलीस?' विचारलं. ती हसून हसून भिंतीला टेकली. कुरळी होती ती! माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, तिच्या केसांमुळे मी तिला कुरळी म्हणते, आणि बाईसाहेब सुट्टीत केस सरळ करून आलेल्या. दुपारपर्यंत ऑफिसभर बोभाटा. मीही हसले. पण माणसाने आधी सांगायला नको का?

संध्याकाळी ठमीला आणलं. तिचा एक लाडका खेळ आहे. मी फाटकाशी पोचले की अंगणातून दोन्ही हात वर करून ओरडते, 'आई, मी ठमी!' रोज न चुकता. बाबा किंवा आजी न्यायला गेले तर ओरडत नाही. हा मान फक्त माझा.

बुधवार, ४ फेब्रुवारी

संध्याकाळी बेल वाजली, दार उघडलं, तर एक गुळगुळीत गालांचा माणूस.

'कोण पाहिजे आपल्याला?'

'माझी बायको पाहिजे होती. आहे का घरात?'

आवाज ऐकला आणि कपाळावर हात मारला. आमचे नवरोबा! लग्नाच्या आधीपासूनची दाढी कुणाला न सांगता उडवून आलेले. मागून किल्ल्यांचा खुळखुळाट करत सासूबाई आल्या. घरात कुलपं दोन, पण कमरेला जुडगा असा की राज्याचा खजिना सांभाळतायत. त्या कुठल्या खोलीत आहेत ते घरभर ऐकू येतं. 'अगं, त्याला आत तरी घे,' म्हणाल्या. 'माणसांकडे जरा नीट बघत जा.' हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. एकदा डोळेही तपासून आले, चष्मा लागला. तरी वाक्य आहे तिथेच.

जेवताना नवरा पानातला भात नुसता चिवडत होता. मग म्हणाला, 'परत ठेवतो दाढी.' ठेव म्हटलं, तशीच शोभते. एवढ्याशा विनोदाने त्याचं तोंड इतकं पडेल असं वाटलं नव्हतं. पुरुषांना आपल्या रूपाचं भारीच कौतुक.

मंगळवार, १० फेब्रुवारी

टकटक मॅडमशी वाजलं. या आमच्या विभागाच्या प्रमुख. त्यांच्या टाचा लांबून वाजत येतात, म्हणून हे नाव. सोय अशी की त्या दारात पोचेपर्यंत आम्ही सगळे कामात बुडालेले असतो.

वादाचं कारण. जाळ्याला देण्याआधी फोटो कातरतात. डोळे एका ठरलेल्या रेषेवर आणायचे, मग केस, कान, गळा, कपडे सगळं उडवून मधला चौकोन तेवढा ठेवायचा. इतके दिवस मी आकडेच बघत होते, आज ते चौकोन ओळीने पडद्यावर लावले. चाटच पडले. सगळे सारखे! दोन डोळे, एक नाक, एक तोंड, पुढचा.

'मॅडम, ज्यावरून माणूस ओळखायचा ते सगळं आपण कापून टाकलंय. उरलं काय?'

'चेहरा उरला,' मॅडम म्हणाल्या.

चेष्टा करतायत असं वाटून मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आणि या असल्या चौकोनांवर आमचं जाळं हजारात दोन-चारच चुका करतंय! हे होणंच शक्य नाही. पेपर फुटलेला असणार. म्हणजे शिकवतानाचेच फोटो परीक्षेतही घुसले असणार, नाहीतर फोटोच्या कोपऱ्यात कुठलीतरी खूण राहत असणार आणि ती बघून हा पठ्ठ्या उत्तरं ठोकत असणार. असली लबाडी पकडण्यात माझा हात कुणी धरत नाही. शोधून काढतेच.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सापडत नाही. शिकवणीचे आणि परीक्षेचे फोटो आपापसात ताडून पाहिले, एकही समान नाही. कोपरे पुसून पाहिले, रंग काढून टाकले, उजेड कमी-जास्त केला. जाळं ढिम्म. बरोबरच उत्तरं देतंय.

तरी मीटिंगमध्ये मी स्पष्ट सांगितलं, हे लबाडी करतंय, कशी ते कळेपर्यंत फाटकावर बसवू नका. माझी स्वतःची मुलगी आहे तिथे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुरळी (सरळ झाली तरी माझ्यासाठी कुरळीच) म्हणाली, 'अगं, पण दिसतंच की कोण कोण आहे ते.' तिच्या बोलण्याचा मला कधीकधी अर्थच लागत नाही.

मॅडमनी तोडगा काढला. कातरलेल्या फोटोंच्या शंभर जोड्या आम्हा सगळ्यांना वाटल्या. प्रत्येक जोडीत एकच माणूस आहे की दोन वेगळी, ते आपण सांगायचं. माणसांना जमलं तर जाळ्यालाही प्रामाणिकपणे जमत असणार. खुशाल करा म्हटलं, कुणाला जमतंय! मी डोळे फोडून एकेक जोडी पाहिली, भुवयांची लांबी मोजली, आणि तरी निम्म्याहून जास्त उत्तरं अंदाजपंचे दिली. कुरळी गप्पा मारत मारत पेपर संपवून उठलीसुद्धा. तिला कशाचंच गांभीर्य नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी

लिहून टाकते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

पाळणाघरात आज रंगांचा दिवस होता. पोरांनी मनसोक्त रंगात लोळावं म्हणून सगळ्यांना सारखे निळे झगे आणि केस झाकणाऱ्या निळ्या टोप्या. मी गेले तेव्हा अंगणभर निळी पोरं, आणि फाटकात आयाबाबा दिसले म्हणून सगळीच हात हलवतायत. मी थांबले. 'आई, मी ठमी' येईल म्हणून थांबले. ठमीचा घसा बसलाय, सकाळपासून आवाजच फुटत नाही, हे मला ठाऊक होतं. मीच तिला काढा पाजून पाठवलं होतं. पण त्या क्षणी ते सुचलंच नाही.

मग लाल बूट दिसले. ठमीचे तसेच आहेत, उंचीही तेवढीच. हात धरला. 'चल गं पिल्लू.' ती निमूट निघाली. ठमी माझा हात पूर्ण धरत नाही, शेवटची दोन बोटं तेवढी पकडते. हिने अख्खा पंजा धरला होता. मला जाणवलं. रंगाने हात चिकट झाला असेल म्हटलं.

फाटकाबाहेर पाऊल टाकणार तेवढ्यात पाळणाघरातल्या ताई धावत आल्या. 'अहो, ही नव्हे तुमची! कुठे नेताय तिला?'

मागे वळले. वाटेतच एक मुलगी उभी होती, दोन्ही हात वर. तोंड उघडत होती आणि आवाज येत नव्हता. मी तिच्या अंगावरून गेले होते. माझी पिशवी तिला घासून गेली होती.

ताई ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, 'त्या मुलीची आई फार घाबरलीय हो. काही दिवस घरातलं दुसरं कुणी आलं तर बरं.' बरोबर आहे. तिच्या जागी मी असते तर पाळणाघर डोक्यावर घेतलं असतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आता बरसणार म्हणून मी मान खाली घालून उभी. त्या एवढंच म्हणाल्या, 'उद्यापासून मी आणते तिला.' बरसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कुठली आई आपल्या पोरीच्या शेजारून दुसरीला घेऊन निघून जाते?

बुधवार, १८ फेब्रुवारी

ठमी माझ्याशी नेहमीसारखीच बोलते. तेच सहन होत नाही. रागावली असती तर समजूत तरी काढली असती.

रजा टाकून घरी आहे. दुपारी ती झोपली तेव्हा शेजारी बसून तिचा चेहरा पाठ करायला लागले. भुवया अशा, नाक असं, ओठ असे. डोळे मिटले की सगळं गेलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा मिटले, पुन्हा गेलं. तिचा वास आठवतो. चालताना पाय घासायची सवय आठवते, हसताना मध्येच लागणारी उचकी आठवते. चेहरा काही केल्या राहत नाही.

नवऱ्याला विचारलं, 'तुला डोळे मिटून ठमी दिसते?' तो म्हणाला, 'हो, म्हणजे काय!' लगेच म्हणाला, एका झटक्यात. म्हणजे माझंच प्रेम कमी पडत असणार. इतर बायकांचं भरपूर असतं म्हणून त्यांना पोरं हजारांत ओळखू येतात. हे मी कुणाला सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहिलं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

टकटक मॅडमनी त्यांच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं. पेपराचे गुण आले होते. सगळे नव्वदीच्या पुढे. कुरळी तर जवळजवळ जाळ्याच्या बरोबरीला. मी एक्कावन्न. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी तेवढेच आले असते.

'घाईत सोडवला, मॅडम. डोकं ठिकाणावर नव्हतं.'

'सगळ्यात जास्त वेळ तू घेतला होतास,' त्या म्हणाल्या. 'बस जरा.' पडद्यावर एक चौकोन आणला. 'ही कोण?'

मी नीट पाहिलं. 'कुणीतरी बाई. जरा वैतागलेली दिसते.'

'ही तू आहेस. ओळखपत्राचा फोटो.'

मी हसायला लागले. मॅडमनी शेजारी पूर्ण फोटो लावला. माझी वेणी, माझी हिरवी कॉलर, माझा चष्म्याचा दोरा. मीच. चौकोनाकडे पाहिलं तर परकी बाई.

त्यांनी दुसरा चौकोन आणला. लहान मूल, मुलगी असावी. त्यांनी काही विचारलं नाही, आणि त्या गप्प बसण्यावरूनच मला कळलं.

'माझी आहे?'

'हो. फाटकाच्या नोंदीसाठी ताईंनी पालकांबरोबर मुलांचेही फोटो पाठवलेत.'

मग मी रडले. पाळणाघरातलं सगळं सांगून टाकलं, प्रेमाचंसुद्धा. मॅडमनी खुर्ची ओढून शेजारी घेतली आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या टाचांचा आवाज न होता त्या जवळ आल्यासारख्या वाटल्या.

'माझ्या मामांना लाल आणि हिरवं वेगळं दिसायचं नाही,' म्हणाल्या. 'बिचाऱ्यांना निम्मं आयुष्य वाटत होतं की बाकीचे लोक प्रत्येक वस्तूचा रंग पाठ करून ठेवतात आणि आपण आळशी आहोत. चेहऱ्यांचंही असं असतं काहींना, जन्मापासून. आपल्या धंद्यात राहून माहीत नाही तुला?'

'मला वाटायचं ते डोक्याला मार लागलेल्यांचं. मला कुठे लागलाय?'

'जाळं लबाडी करत नव्हतं,' मॅडम म्हणाल्या. 'तूही करत नव्हतीस. डॉक्टरांना दाखव.'

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज बरं वाटतंय. नुसतं बरं नाही, हलकं वाटतंय, पहिल्यांदा ते लिहिते आणि मग बाकीचं.

नवराही आला होता. डॉक्टरीणबाईंनी तासभर फोटो दाखवले, प्रश्न विचारले. लहानपणी भलत्याच बाईला आपली समजून तिच्याबरोबर निघून आले होते का? आले होते. सिनेमात दोन माणसं एकसारख्या कपड्यांत आली तर? तर कोण कुणाला मारतंय ते कळत नाही, सिनेमा काढणाऱ्यांना अक्कल नसते. यावर नवरा आणि बाई दोघं हसले. शेवटी त्या म्हणाल्या, चेहरे लक्षात ठेवणं तुमच्या मेंदूला जन्मापासूनच जमत नाही. डोळे ठीक, बुद्धी उत्तम. (हे लेखी मागायला हवं होतं, सासूबाईंना दाखवायला.) औषध नाही. केस, चाल, आवाज यांवर तुम्ही इतकी वर्षं काम भागवलंत, तसंच पुढेही भागवाल, फक्त आता लोकांना सांगून.

मला एकच विचारायचं होतं. 'पण बाई, जिच्यावर जीव आहे तिचा तरी चेहरा राहायला हवा ना?'

'जीव असण्याचा याच्याशी काही संबंध नाही,' त्या म्हणाल्या. 'जगातल्या सगळ्यात लाडक्या माणसाचाही राहणार नाही.'

माझा जीव भांड्यात पडला. मी इतक्या मोठ्यांदा हसले की बाहेरच्या बाकावरचे पेशंट डोकावले. औषध नाही ऐकून एवढी खूश झालेली बाई त्यांनी पाहिली नसेल.

बाहेर पायऱ्यांवर नवरा थांबला. दाढीचे खुंट आलेत. 'दार उघडून तू कोण पाहिजे विचारलंस ना,' तो म्हणाला, 'मला लागलं होतं ते. वाटलं, एवढ्या वर्षांत हिने माझ्याकडे धड पाहिलंच नाही.'

'पाहिलं रे. राहिलं नाही.'

'आता दाढी मरेपर्यंत काढत नाही.'

'काढ की. आधी फोन कर.'

तोही हसला.

रविवार, १ मार्च

ऑफिसात परवाच मीटिंगमध्ये सांगून टाकलं. लबाडीचा आरोप मागे घेतला, जाळ्याची जाहीर माफी मागितली. कुरळीने विचारलं, 'मग मी केस परत कुरळे करू का?' मी म्हटलं, उपकार होतील. फाटकाचं काम पुढे सरकलं. माझी एक सूचना मात्र सगळ्यांनी उचलून धरली: मोठ्या माणसाला फाटकाने ओळखायचं, आणि मूल ताईंनी नाव घेऊन हातात द्यायचं. मला पाळणाघरात जायला ताईंची परवानगीही मिळाली. मी स्वतः जाऊन सांगितलं, त्या मुलीच्या आईलाही सांगितलं. ती आधी आखडून उभी होती. मग तिने विचारलं, 'म्हणजे उद्या मी भेटले तर मीही ओळखू येणार नाही?' नाही म्हटलं. 'मग मीच हाक मारेन,' म्हणाली.

सासूबाईंना आज निवांत सांगितलं. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

'नाव काय ते मला माहीत नव्हतं,' म्हणाल्या. 'पण काहीतरी आहे हे माहीत होतं. तू नवीन नवरी होतीस तेव्हा बाजारात समोरून आलीस आणि न बघितल्यासारखी निघून गेलीस. असा संताप आला मला! आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग म्हटलं, मुद्दाम करणारी बाई इतक्या निर्मळ तोंडाने पुढून जाणार नाही.'

'मग बोलला का नाहीत, आई?'

'बोलले की. डोळे तपास म्हटलं. तू चष्मा लावून आलीस. आता आणखी काय बोलू?' त्यांनी घडी बाजूला ठेवली. 'मग जुडगा लावला कमरेला.'

मी त्यांच्या कमरेकडे बघत राहिले.

'यातल्या दोन किल्ल्या घरच्या,' सासूबाई म्हणाल्या. 'बाकीच्या कुठल्या आहेत देव जाणे.'

मी त्यांच्या गळ्यात पडले, आणि त्या 'पुरे, घड्या मोडतील' म्हणाल्या.

शुक्रवार, ६ मार्च

फाटक आज सुरू झालं. मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत हिरवा दिवा लागला. तोच चौकोन, मला परका वाटलेला. त्याने बिनचूक ओळखला. शहाणा आहे पठ्ठ्या.

आत नेमका रंगांचा दिवस. अंगणभर निळे झगे, निळ्या टोप्या. ताई पुढे यायला निघाल्या, मी त्यांना हाताने थांबवलं. ठमीचा घसा आता ठणठणीत आहे, तिने हाक मारलीच असती. पण इतकी वर्षं तीच मारत आली होती. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, 'ठमी! मी आई! कुठे आहेस गं तू?'

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. एक निळी टोपी पाय घासत सुसाट धावत आली आणि पोटाला येऊन थडकली.

'आज तू का ओरडलीस?' बाहेर आल्यावर तिने विचारलं. 'ते माझं काम आहे.'

'अगं, मला चेहरे ओळखता येत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं.'

ती थांबली. टोपी मागे सरकवून माझ्याकडे बघायला लागली.

'तुला आत्ता कळलं?'

'हो. तुला कधीपासून माहीत होतं?'

'मी लहान होते तेव्हापासून,' ठमी म्हणाली, आणि माझी शेवटची दोन बोटं पकडून रस्ता ओलांडायला निघाली.